डब्यामागची फट

मी घरी पोचले तेव्हा आई अंड्याखाली मोबाईलचा टॉर्च धरून बसली होती. खोलीची खिडकी तिनं पोत्यानं झाकली होती. त्या अंधारात अंड्याचं वरचं टोक तांबडं दिसत होतं आणि बाकी सगळं काळं. मी पिशवी खाली ठेवली. तिनं वर न बघता बोट ओठांवर ठेवलं, जणू माझ्या बोलण्यानंही अंड्याला धक्का बसला असता.

"हलून राहिलं," ती म्हणाली. "पन कालच्यापेक्षा कमी."

अंडं तिनं मशीनमध्ये ठेवलं, झाकण लावलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "डब्ब्याकडं पाह्य वो माय. आजबी बंद पडला."

आमचं घर शेतात आहे, आंधळगावपासून आत. गावातलं घर काकांच्या वाट्याला आलं, आम्ही शेतात राहायला आलो, आणि विजेचे खांब नाल्याच्या पलीकडेच थांबलेले आहेत. म्हणून छपरावर सोलरच्या प्लेटा आहेत, खाली ट्रंकेएवढी बॅटरी आहे, आणि दोन्हींच्या मधे भिंतीवर एक छोटा डबा आहे. त्याला कंट्रोलर म्हणतात. प्लेटांची वीज बॅटरीला किती द्यायची, कधी थांबवायची, बॅटरी फार उतरली तर घरातलं सगळं कधी तोडायचं, हे तो ठरवतो. चार्जिंग चालू असलं की त्याच्यावर हिरवा दिवा लागतो. आमच्या घरात सगळे त्याला नुसतं डबा म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत या विजेवर दोन दिवे, एक पंखा आणि मोबाईल चालत. मग आईनं कोंबडीपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि अंडी उबवायचं मशीन घरी आणलं. या वेळी तिनं मशीनमध्ये ठेवलेली अंडी आमची नव्हती. आजूबाजूच्या बायांनी बटईनं दिली होती. पिलं निघाली की निम्मी पिलं अंडी देणारीची, निम्मी आईची. आमच्याकडे कोंबडीसुद्धा अशी बटईनं दिली जाते, पण मशीनला अंडी बटईनं देण्याची ही पहिलीच वेळ होती. प्रत्येकीनं आपली खूण केली होती. कुणाचा कोळशाचा ठिपका, कुणाची नेलपॉलिशची रेघ. पलीकडच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचराशी, राहणाऱ्या शेजारच्या काकींनी काजळाचं बोट लावलं होतं. त्यांनी सगळ्यांत जास्त अंडी दिली होती आणि सगळ्यांत कमी विश्वास ठेवला होता.

आता शेवटचे दिवस होते. अंड्यांत पिलं तयार झाली होती. या दिवसांत ऊब गेली तर आतल्या आत मरतात, एवढं मलाही कळत होतं.

"कधीपासून होऊन राहिलं असं?" मी विचारलं.

"आठवडा झाला असन. सकाळी हिरवा राह्यते. ऊन चढलं का बुजते. चार वाजता पुन्हा लागते. आज पहाटे तं मशीनच बंद. मी उठली तवा डब्बा टूं टूं करून राहिला होता. पानी तापवलं, बाटल्या भरल्या, मशीनमंधी ठेवल्या."

ज्या वेळी सगळ्यांत जास्त ऊन, नेमकं त्याच वेळी चार्जिंग बंद. मी डब्याकडे पाहिलं. डबा दिसत नव्हता. आईनं त्याला जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलं होतं, खाली झालर लावलेलं, पूर्वी आमच्या टीव्हीला होतं तसं. प्लेटा लावणाऱ्यानं जाताना सांगितलं होतं की याच्यावर धूळ बसू देऊ नका. आईनं ते मनावर घेतलं होतं. झालर वर करून मी आकडा पाहिला. बॅटरी उतरलेली होती. आज अशीच गेली तर रात्र निघणार नव्हती.

मला इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि भौतिकशास्त्र हा माझा विषय आहे. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे कॉलेजात काय शिकवतात आणि काय नाही, हे आमच्याकडे कुणालाच नीट माहीत नाही. जाण्याआधी मलाही माहीत नव्हतं. आमच्या प्रॅक्टिकलला चौघींमध्ये एक सर्किट असतं, आणि मी बहुतेक वेळा आकडे लिहून घेते. घरात मात्र पोरगी विजेचं शिकते असा समज आहे. आईनं मला फोन करून बोलावलं होतं तेही त्यासाठीच, आणि बसमध्ये मी सारखी हाच विचार करत होते की मला काही सुचलं नाही तर काय.

प्लेटा लावणाऱ्याला आईनं फोन केला होता. तो म्हणाला होता, दिवाळीनंतर येतो.

बाबा शेतातून आले ते हातात वायर घेऊनच. गावातल्या घरच्या मोटारीची जुनी वायर, दोन्ही तारा काळ्या, टोकं सोललेली. हलका धान, लवकर पिकणारा भात, कापायला आला होता, त्यांना बांधीत परत जायची घाई होती.

"आली का तू. बरं झालं. धर इकडं," ते म्हणाले. "डब्बा खराब झाला आहे. याले काढून टाकू. प्लेटीची वायर सरळ बॅटरीले लावू. झालं."

"तसं नाही करत, बाबा."

"काहून? प्लेटीत वीज आहे का नाई? आहे. बॅटरीले पाहिजे का नाई? पाहिजे. मंग मधी या साहेबाची सही कायले पाहिजे?"

आई हसली नाही. एरवी हसली असती.

मी म्हणाले की बॅटरी उकळू शकते. बाबा म्हणाले, उतरलेली बॅटरी एका दिवसात उकळत नाही. खरं सांगायचं तर ते फारसे चुकत नव्हते, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. साफ चुकीच्या माणसाला अडवणं सोपं असतं. मी आठवून आठवून बोलत होते. प्लेटा भर उन्हात बॅटरीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतात. बॅटरी जोडलेली असते तोवर ती ते दाबून धरते. पण मधे डबा नसला आणि बॅटरीची एखादी चिमटी निसटली, तर ते सगळं व्होल्टेज सरळ मशीनवर जाईल.

"आन मंग?"

"मंग मशीन जळन."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं मशीनच्या झाकणावर हात ठेवला होता.

"बरं. मंग तू सांग," बाबा म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले. "कॉलेजात जाते ना तू. सांग काय करू ते. मी वायर धरून बसतो."

ते टोमण्यानं म्हणाले की खरंच, मला अजूनही नक्की सांगता येत नाही. दोन्ही असेल. मला काहीच येत नव्हतं. खोलीत मशीनच्या पंख्याचा बारीक आवाज होता आणि बाहेर ऊन वाढत होतं. ऊन वाढणं ही आमच्यासाठी कमाई असायला हवी होती. पण हिरवा दिवा बंद होता आणि ते सगळं ऊन वाया जात होतं.

निदान काहीतरी करतेय असं दिसावं म्हणून मी डब्याचं कव्हर काढलं. काढताना माझं बोट डब्याच्या कडेला लागलं आणि मी हात मागे ओढला. भाकरी टाकायला तवा तयार होतो तेवढा तो तापलेला होता.

"आई, हा एवढा तापते?"

"काम करते तं तापनच," आई म्हणाली.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की डबा खराब नसेल. तो स्वतःहून थांबत असेल. सकाळी गार असतो, चालतो. ऊन चढलं की जास्त वीज त्याच्यातून जाते, तो तापतो, एका हद्दीनंतर बंद करतो. दुपार कलली की निवतो, पुन्हा चालू होतो. आई वेळा सांगत होती त्या सगळ्या याच्यात बसत होत्या. पण कव्हर तर उन्हाळ्यापासून होतं. मग आठवड्यापासूनच काय झालं?

मी भिंतीला गाल लावून डब्याच्या मागं पाहिलं. डब्याच्या पाठीला धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधून खालची हवा वर जाते. भिंत आणि पट्ट्या यांच्यामधे बोटभर फट होती हे मला आठवत होतं, कारण तिथं पाल बसायची. आता फट नव्हती. तिथं माती होती, आणि मातीवर छुई, म्हणजे पांढऱ्या मातीचा हात. दिवाळीसाठी आईनं गेल्या आठवड्यात घर सारवून भिंतींना छुई मारली होती, आणि डब्याच्या भोवतीची भिंत इतकी नीट सपाट केली होती की डबा भिंतीतूनच उगवल्यासारखा दिसत होता.

आईच्या हातची भिंत कुणीही ओळखेल. कुठं भेग नाही, कुठं पोपडा नाही. गावातल्या बाया तिला आपल्या भिंती दाखवायला बोलावतात.

मी वळून पाहिलं. तिला कळलं होतं. माझ्या चेहऱ्यावरून की मी गाल कुठं लावला त्यावरून, पण कळलं होतं. बाबा उंबऱ्यावर पाठ करून बसले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"डबा काढून साफ करावा लागन," मी म्हणाले. "आतले स्क्रूही पाहावे लागतील." हे खोटं नव्हतं.

काढायचा म्हणजे ठरलेल्या क्रमानं. आधी प्लेटा तोडायच्या, बॅटरी शेवटी. जोडताना उलटं, बॅटरी आधी, प्लेटा शेवटी. क्रम चुकला आणि बॅटरीशिवाय प्लेटा जोडलेल्या राहिल्या तर डबा खरंच जळू शकतो. हे मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहून घेतलं. नेटवर्कची एकच कांडी होती, त्यासाठी विहिरीजवळ जाऊन उभी राहिले. आणि मधल्या वेळात मशीनचं काय? डबा भिंतीवरून उतरला की मशीनची वीज गेली. आईनं चुलीवर पाणी ठेवलंच होतं, पण बाटल्यांची ऊब सारखी नसते, एका बाजूची अंडी तापतात, दुसऱ्या बाजूची निवतात.

मग माझी नजर बाबांच्या हातातल्या वायरीवर गेली.

"बाबा, ही वायर लागते आपल्याले. पन प्लेटीले नाई. बॅटरीपासून मशीनले. डबा खाली आहे तोवर."

"म्हंजे माह्यंच खरं निघालं," बाबा उठत म्हणाले. "वायर सरळ लावायची होती, फक्त जागा बदलली."

दोन्ही तारा काळ्या असल्यानं मला भीती वाटली. मशीनला उलटसुलट चालणार नव्हतं. मी आईच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा घेतला, एका तारेच्या दोन्ही टोकांना बांधला, आणि एक टोक बाबांच्या हातात देऊन दुसरं ओढून पाहिलं, तीच तार आहे ना. पुन्हा ओढून पाहिलं.

"आता तिसऱ्यांदा ओढशीन तं मीच येईन तिकडं," बाबा म्हणाले.

ते छपरावर चढले आणि प्लेटांवर ताडपत्री टाकली. खोलीतल्या डब्यावरचा आकडा हलला नाही, चार्जिंग आधीच बंद होतं. मी पेचकस घेतला. प्लेटांच्या तारा सोडल्या, टेप गुंडाळला. पेचकस दोनदा घसरला. मग मशीनची वायर काढली. पंख्याचा आवाज थांबला. त्या शांततेत आईचा श्वास ऐकू आला.

"लाव ना," ती म्हणाली. एवढंच.

लाल दोऱ्याची तार बॅटरीच्या लाल खुणेवर, दुसरी काळ्यावर. बारीक ठिणगी उडाली, मी दचकले, आणि पंखा पुन्हा सुरू झाला. मशीनवरचा आकडा थोडा खाली आला होता, तिथंच थांबला. मग डब्याला आलेल्या बॅटरीच्या तारा सोडल्या. आता बॅटरी किती उतरली हे सांगणारा डबाच जोडलेला नव्हता. ती फार उतरली तर मधे कुणी तोडणार नव्हतं. जे करायचं ते लवकर करायचं होतं.

डबा भिंतीवरून निघेना. स्क्रू काढले तरी तो मातीनं धरून ठेवला होता. आईनं विळा आणला, आणि मला बाजूला सारून स्वतः कडेकडेनं माती कापली. स्वतःच लावलेली भिंत ती अशी कापत होती की पाहवत नव्हतं. ढेपूळ पडलं तसं बाबा आत आले, खाली पाहिलं, पायानं ते ढेपूळ उलटं केलं. त्याच्यावर डब्याच्या पट्ट्यांचे ठसे उमटले होते, साच्यातून काढल्यासारखे.

मी बोलायला तोंड उघडलं, स्क्रू ढिला आहे वगैरे. स्क्रू खरोखरच ढिला होता, तार काळी पडली होती. पण बाबाच आधी बोलले.

"तळ्याची माती आहे," ते म्हणाले. "मीच आनली होती. कुंभारीन माशीनं डब्ब्याच्या मागं मातीचं घर केलं होतं. मीच म्हनलं हिले, बुजव ते, नाई तं डब्बा खराब होईन."

"तुमी म्हनले होते फट बुजव," आई म्हणाली. "छुई मारायचं माह्या मनानं केलं."

"मंग निस्तं मातीचं काम माह्याकडं धर. छुई तुह्याकडं."

आई तेव्हाही हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले.

मी छुई मारायच्या कुंचल्यानं पट्ट्यांमधली माती झाडली. काळी तार कापून नवी सोलली, स्क्रू घट्ट केले. बाबांनी बांबूच्या दोन कमच्या चिरल्या, भिंतीला उभ्या ठोकल्या आणि त्यांच्यावर डबा बसवला, म्हणजे मागून हवेला वाट राहील. मग बॅटरी जोडली. डब्यावरचा आकडा उगवला, मला वाटलं होतं त्याहून खाली. मशीन डब्यावर घेतलं. प्लेटा शेवटी. "काढा," मी ओरडले, आणि छपरावर ताडपत्री सरकल्याचा आवाज झाला.

हिरवा दिवा लागला. पण तो सकाळीही लागत होता. खरी परीक्षा पुढच्या दुपारी होती.

त्या रात्रीपुरतं आम्ही दिवे लावले नाहीत, फोन जोडले नाहीत. सगळी वीज मशीनला. पहाटे डबा टूं टूं वाजला नाही, पण आकडा हद्दीला टेकला होता. सकाळी ढग आले. आई अंगणात जाऊन वर पाही आणि आत येऊन डब्याकडे पाही. काकी बांधावरून आल्या, काठी दाराला टेकवली.

"काय वो, माह्ये अंडे शिजले का कच्चेच आहेत?" त्यांनी विचारलं.

"बसा ना बाई," आई म्हणाली.

"बसून काय करू? बसाचं काम तं माह्या कोंबडीचं होतं. तिनं बिनाविजेचं केलं असतं."

दुपारी ढग फाटले. ऊन एकदम पडलं, झणझणीत. आम्ही तिघं डब्यासमोर उभे राहिलो, आणि काकीही, काय पाहायचं हे माहीत नसताना. मी हाताचा मागचा भाग डब्याच्या जवळ नेला. गरम होता. हात ठेवता येईल इतका. बारा वाजून गेले. आमच्या घरातल्या घड्याळाकडे इतका वेळ कुणी पाहिलं नसेल. हिरवा दिवा तसाच होता. एक वाजला तरी तसाच होता. आकडा हळूहळू वर सरकत होता.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"वाटते," मी म्हणाले. यापेक्षा जास्त मला म्हणता आलं नाही. त्यांनी विळा उचलला आणि बांधीत गेले.

पिलं दुसऱ्या दिवशी निघायला लागली. आधी एका अंड्यावर बारीक चीर, मग आतून चोच. आईनं मला झाकण उघडू दिलं नाही, काचेतूनच पाहा म्हणाली. संध्याकाळपर्यंत मशीनमध्ये ओल्या पिसांची दाटी झाली. पण सगळी नाही निघाली. जी राहिली त्यांत काजळाच्या बोटाची जास्त होती. काकींची अंडी दाराकडच्या बाजूला होती, आणि मशीन बंद पडलं त्या पहाटे बहुतेक तीच आधी निवली असावीत.

आईनं त्यांना बोलावून घेतलं. मला वाटलं ती वीज गेली म्हणेल, तेही खरंच होतं.

"बाई, डब्याच्या मागची जागा मी बुजवली होती," ती म्हणाली. "त्यानं झालं. तुमच्या अंड्यातून जेवढे निघाले तेवढे सगळे तुमचे. माहा अर्धा वाटा मले नाई पाहिजे."

काकी टोपलीजवळ उकिडव्या बसल्या. एक एक पिलू उचलून पाय पाहिले, पोट पाहिलं. मग म्हणाल्या, "कोंबडीनंबी दोन-चार वाया घालवले असते. पायानं फोडते ते मेली." आणि आईनं दिलेली सगळी पिलं त्यांनी पदरात घेतली. आईच्या अर्ध्या वाट्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. दारात गेल्यावर थांबून विचारलं, "आता पुढच्या खेपेले कधी ठेवशीन?"

"दिवाळी झाली का."

"मले सांगजो. पन माह्ये अंडे मधामंधी ठेवजो."

त्या गेल्यावर आई भिंतीकडे वळली. कमच्यांच्या मागची भिंत खरवडलेली, ओबडधोबड होती, बाकीच्या पांढऱ्या भिंतीत ती लगेच नजरेत येत होती. तिनं छुईच्या भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फट राहू देईन," ती म्हणाली. "पन आतून पांढरं केलं तं चालन का? पातळ हातानं?"

चालेल, असं मी म्हणाले. तिनं डबा उतरवू दिला नाही. कुंचल्याची एक काडी छुईत बुडवून फटीतून आत घातली आणि गाल भिंतीला लावून, जसा मी लावला होता तसा, हळूहळू आतली भिंत पांढरी करत राहिली. झालरीचं कव्हर तिनं पिलांच्या टोपलीत अंथरलं होतं.